चौकटीत सोडलेली जागा

आमच्या राजुऱ्यात वाघाच्या छायाचित्राचे कोणाला फारसे अप्रूप उरलेले नाही. ताडोबा आमच्याच जिल्ह्यातले. तिकडून येणारे पाहुणे चहाची कपबशी खाली ठेवण्याआधीच आपापले वाघ दाखवू लागतात. हातभर लांब भिंगातून टिपलेली ती चित्रे देखणी असतात, यात वाद नाही. पण त्यांत या काठापासून त्या काठापर्यंत वाघच असतो. तो कोणाच्या शेताच्या धुऱ्यावर उभा आहे, हे काही त्यांतून कळत नाही.

म्हणूनच नयन खानोलकर यांच्या एका छायाचित्राविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्रस्पर्धेत २०१६ साली ते नागरी विभागात पहिले आले. मुंबईतील आरे वसाहत, रात्रीची वेळ, घरांमधली अरुंद गल्ली. आणि तिच्यातून आपल्या वाटेने निघालेला बिबट्या, क्षणभर कॅमेऱ्याकडे पाहणारा. चित्रात एवढेच आहे.

पण हे एवढेसे साधण्यासाठी केवढा विचार केला आहे! खानोलकरांनी प्रथम तिथल्या वारली रहिवाशांना आपला बेत समजावून सांगितला, त्यांना राजी केले. गल्लीत रोज जसा उजेड असतो तसाच वाटावा, अशा बेताने दिवे लावले. आणि कॅमेरा अशा जागी ठेवला, की बिबट्या आला तरी त्याने सारी चौकट व्यापू नये. मग वाट पाहणे आले.

कोणी म्हणेल, कळ तर यंत्रानेच दाबली. यात कलावंताचे काय? आक्षेप जुना आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात जंगलवाटेवर तार ताणून वाघालाच स्वतःचे चित्र काढायला लावले होते. आज तारेचे काम अंगाची ऊब ओळखणारे यंत्र करते. २०१८ च्या व्याघ्रगणनेत असे कॅमेरे २६,८३८ ठिकाणी लावले होते. त्यांनी सुमारे साडेतीन कोटी चित्रे काढली. वाघाची त्यांत ७६,६५१. अंगावरच्या पट्ट्यांवरून वाघ ओळखायला ती फार मोलाची. चित्र म्हणून मात्र ती कोणी भिंतीवर लावणार नाही. यंत्राची जात तीच, मग फरक कशाचा? काय दाखवायचे याहून कशाला जागा सोडायची, हे ज्याने आधी ठरवले, त्याचा. खानोलकरांनी ती जागा माणसांच्या घरांना दिली. माझ्या मते या चित्राचे मोठेपण त्या सोडलेल्या जागेत आहे.

तरीही राजुऱ्यात बसून हे चित्र पाहताना मन पुरते निवत नाही. आमच्या तालुक्यातील जंगलात आठ माणसांचे बळी घेतल्याचे सांगितले गेलेला एक वाघ २०२० च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, पकडला गेला. तोवर जागलीला जाणाऱ्या माणसाच्या घरी रात्र कशी सरत होती, ते ज्याचे त्याला ठाऊक. आरेच्या त्या गल्लीत घरे दिसतात, माणूस दिसत नाही. सोबत दिसते, तिची किंमत दिसत नाही. वारल्यांनी बिबट्याला सामावून घेतले, ही त्यांची थोरवी. पण दुरून चित्र पाहणाऱ्याने तीच थोरवी दुसऱ्या कोणाकडे मागू नये.

हा दोष मी खानोलकरांच्या पदरी घालीत नाही. एका चित्राने सगळे सांगावे, असा हट्ट कशाला? त्यांनी चौकटीत जागा करून दिली. तिच्यात पुढचे पाऊल दुसऱ्या कोणी टाकायचे आहे. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे कपाशीची वेचणी सुरू असते. ओटीत कापूस भरता भरता एखादी बाई मध्येच थबकते, मागे वळून जंगलाच्या कडेकडे पाहते आणि पुन्हा वाकून वेचू लागते. त्या बिबट्याची नजर जितक्या धीराने टिपली, तितक्याच धीराने हिचीही नजर कोणी टिपावी. ते चित्र पाहायला राजुऱ्यातली माणसे नक्की गर्दी करतील.