वैमानिककक्षातील प्रकाशयोजना : तांबड्या दिव्याच्या रूढीची परीक्षा

मुंबईतील कांदिवलीच्या चारकोप भागात एका इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव या वैमानिकाने बांधलेले सहा आसनी विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले, नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची अधिकृत नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळे येथे त्याचे चाचणी-उड्डाण पार पडले. या घटनेने स्वतः विमान बांधण्याची आकांक्षा महाराष्ट्रात केवळ कल्पनेची राहिली नाही. कुंडलिकेकाठच्या नवीन जालन्यासारख्या, पोलाद उद्योगामुळे सांधकाम व कातकाम ज्यांच्या अंगवळणी पडले आहे अशा शहरांतही ती उद्या मूळ धरू शकेल. तथापि अशा विमानांविषयीच्या चर्चेत सांगाडा, पंख आणि यंत्र यांचाच विचार प्रामुख्याने होतो; वैमानिकासमोरील यंत्रफलक कोणत्या प्रकाशात वाचला जाणार, हा प्रश्न सजावटीचा मानून अखेरीस उरकला जातो. उरकताना बहुधा एकच सूत्र हाती घेतले जाते : कक्षातील दिवा तांबडा असावा. या सूत्राची परीक्षा करणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

सूत्राचा शास्त्रीय आधार भक्कम आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. दृष्टिपटलावरील शंकुपेशी उजेडात रंग व बारकावे टिपतात. दंडपेशी अंधुक प्रकाशात काम करतात, परंतु त्यांना रंग कळत नाहीत. प्रकाश मंदावला की तांबडे पदार्थ आधी काळवंडतात व निळे-हिरवे उजळ भासतात, हे पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने १८२५ मध्ये नोंदविले. अंधाराला डोळा पूर्णपणे सरावण्यास अर्धा तास किंवा अधिक काळ लागतो. दंडपेशी तांबड्या प्रकाशाला जवळजवळ दाद देत नाहीत. म्हणून तांबड्या उजेडात वाचन करूनही त्यांची अंधारदृष्टी टिकून राहते. याच तत्त्वावर दुसऱ्या महायुद्धात वॉल्टर माइल्स यांनी तांबड्या काचांच्या चष्म्याचा पुरस्कार केला. ज्यांना क्षणात अंधारात जाऊन शत्रूचा शोध घ्यावयाचा होता, त्यांच्यासाठी तो उपाय होता.

येथेच रूढीचा पहिला दोष दिसून येतो. विशिष्ट गरजेतून जन्मलेला उपाय ती गरज नसलेल्या ठिकाणी नियम होऊन बसला. हलक्या खासगी विमानाचा चालक अंधारात शत्रू शोधत नसतो. तो धावपट्टीचे दिवे, इतर विमानांचे दिवे आणि स्वतःचा यंत्रफलक पाहतो. आणि यांपैकी बहुतेक काम शंकुपेशींचे आहे. दृष्टिपटलाच्या ज्या मध्यबिंदूने अक्षरे व आकडे वाचले जातात, तेथे दंडपेशी मुळी नसतातच.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. वेगदर्शकावर हिरवा, पिवळा व पांढरा पट्टा असतो आणि कधीही ओलांडू नये अशी वेगमर्यादा तांबड्या रेषेने दाखविलेली असते. निव्वळ तांबड्या प्रकाशात पांढरी व तांबडी खूण सारखीच दिसते, हिरवी काळवंडते. म्हणजे जी खूण प्राण वाचविण्यासाठी आखली, तिचे वेगळेपण त्याच दिव्याखाली नाहीसे होते. नकाशावरील तांबड्या खुणांचीही तीच गत होते. शिवाय तांबड्या किरणांचा केंद्रबिंदू दृष्टिपटलाच्या मागे सरकत असल्याने जवळचे वाचताना डोळ्यास ताण पडतो. चाळिशी ओलांडलेल्या वैमानिकास तो विशेष जाणवतो. अमेरिकेच्या विमान-प्रशासनाची मार्गदर्शक पुस्तकेही या कारणांस्तव नकाशे व यंत्रे वाचण्यासाठी पांढरा प्रकाश उपलब्ध असावा असे सांगतात.

मग पांढरा दिवा लावला की प्रश्न सुटला, असे मानणे ही दुसरी रूढी होय. जुना तंतूचा दिवा मंद केला की आपोआप तांबूस होत असे. एलईडी दिवा मंद केला तरी त्याचा रंग तोच राहतो, आणि थंड पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात निळ्या किरणांचे प्रमाण मोठे असते. दंडपेशींना निळा प्रकाश तांबड्यापेक्षा कितीतरी अधिक जाणवतो. तेव्हा तंतूच्या दिव्याविषयीची शिफारस या दिव्याला जशीच्या तशी लावणे शास्त्रास धरून नाही. निवड करावयाची तर पिवळसर, उबदार पांढऱ्या छटेची करावी. प्रकाश कमी करण्यासाठी विद्युत्प्रवाहाची जलद उघडझाप करणारे मंडल वापरल्यास संदेशवाहक रेडिओत खरखर शिरण्याचा संभव असतो. म्हणून बसविण्यापूर्वी रेडिओ सुरू ठेवून त्याची परीक्षा घ्यावी.

स्थानाचाही विचार आवश्यक आहे. प्रायोगिक विमानास आरंभी बहुधा दिवसाच उडण्याची मुभा मिळते. म्हणून दिव्यांची आवश्यकताच नाही, असा आक्षेप संभवतो. परंतु विलंब झालेले उड्डाण संधिप्रकाशात सापडते. जालन्याच्या अक्षांशावर सूर्यास्तानंतरचा नागरी संधिप्रकाश सुमारे २२ ते २५ मिनिटे टिकतो. लंडनमध्ये जूनमध्ये तो पाऊण तासाच्या आसपास असतो. याचा अर्थ असा की येथे डोळा अंधाराला पुरता सरावण्याआधीच अंधार पडतो. या अल्पकाळात भर उजेडापासून काळोखापर्यंत अखंड कमी-अधिक करता येणारा प्रकाश हवा. केवळ चालू व बंद होणारा दिवा, मग तो कोणत्याही रंगाचा असो, येथे कुचकामी आहे.

अमेरिकेच्या हलक्या विमानांच्या नियमावलीतील, २०१७ च्या पुनर्रचनेपूर्वीचे कलम २३.१३८१ या संदर्भात उद्बोधक आहे. त्यात रंगाचा आग्रह नाही. प्रत्येक यंत्र सहज वाचता यावे, दिव्याचे थेट वा काचेवरून परावर्तित किरण वैमानिकाच्या डोळ्यांत जाऊ नयेत, कंपनामुळे विद्युत्वाही भाग व दिव्याचे आवरण यांच्यात लघुपरिपथ होऊ नये, इतकेच ते मागते; आणि छताचा दिवा हा यंत्रांचा दिवा नव्हे, असे स्पष्ट बजावते. घरी विमान बांधणाऱ्याने नेमकी हीच कसोटी प्रथम लावावी. रंग हा त्यानंतरचा प्रश्न आहे. विद्युत्पुरवठा खंडित झाल्यास उपयोगी पडेल असा स्वतंत्र घटाचा दिवाही हाताशी असावा.

सारांश, तांबडा दिवा चुकीचा नाही. त्याचे कारण न विचारता त्याला प्रमाण मानणे चुकीचे आहे. जे वाचावयाचे आहे त्यावरून प्रकाश ठरवावा; प्रकाशाच्या प्रतिष्ठेवरून वाचन ठरवू नये. गच्चीवर वा गाळ्यात विमान बांधणाऱ्याच्या मागे कारखान्याची परीक्षाशाळा उभी नसते. म्हणून अंधाऱ्या खोलीत, आपल्याच आसनावर बसून, तांबडी रेषा खरोखर तांबडी दिसते की नाही एवढे पाहणे ही त्याची किमान जबाबदारी ठरते.