वेष, वाट आणि वाचक : देवरुख-हिंगणे परंपरेतील तीन स्त्रियांच्या गद्याचा विचार

१

मराठी प्रवासलेखनाची समीक्षा बहुधा दोन कसोट्यांवर चालत आली आहे. एक, स्थलदर्शनाची प्रत्ययकारिता. दुसरी, लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाचा आविष्कार. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) किंवा पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) वाचताना या कसोट्या अपुऱ्या वाटत नाहीत. कारण या लेखनातील प्रवासी हा प्रामुख्याने पाहणारा आहे. त्याच्या पोशाखाचा प्रश्न उद्भवलाच तर तो विनोदाचा विषय म्हणून उद्भवतो आणि विनोद संपताच मिटतो. स्त्रीने लिहिलेल्या प्रवासगद्यात मात्र हा प्रश्न असा मिटत नाही. तेथे प्रवास करणारी व्यक्ती पाहते त्याच वेळी पाहिलीही जात असते. तिचे केस, लुगडे, कपाळ, पायांतील वहाणा यांवर वाटेतला प्रत्येक जण काही अर्थ लादीत असतो. हा अर्थ ती स्वीकारते, टाळते की बदलते, यावर तिच्या निवेदनाची घडण अवलंबून असते.

असे असूनही वेषभूषेचे उल्लेख आपल्या समीक्षेने ‘तपशील’ म्हणून सामाजिक इतिहासाच्या स्वाधीन केले आहेत. वेष हा विषय साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने गौण, काहीसा उथळ, असा या व्यवहारामागचा अव्यक्त निर्णय आहे. या निर्णयाला भाषेचेही पाठबळ आहे. मराठीत ‘नीटनेटकी’ हे स्त्रीचे भूषण ठरते आणि ‘नटवी’ हे दूषण. ‘हौस’ या शब्दात आनंद असला तरी ‘हौशी’ म्हणताच त्यात गांभीर्याच्या अभावाची छटा येते. वेषाविषयी लिहिणाऱ्या स्त्रीला ही शब्दसंपत्ती वारशाने मिळते, आणि तिच्या समीक्षकालाही. म्हणून या वारशाची तपासणी आवश्यक आहे. त्यासाठी पुढे तीन पुस्तके घेतली आहेत : पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ (१९२८), आनंदीबाई उर्फ बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ (१९४४) आणि इरावती कर्वे यांचा ललितलेखसंग्रह ‘परिपूर्ती’ (१९४९). पहिल्या दोघी रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुखच्या सख्ख्या बहिणी. तिसरी त्यांच्यातील बायांची सून. एकाच कुटुंबातील हे लेखन असल्यामुळे वेषाच्या एकाच संहितेशी झालेले तीन वेगवेगळे व्यवहार येथे शेजारी ठेवून पाहता येतात.

२

रोलाँ बार्थ यांनी फॅशनव्यवस्थेच्या आपल्या अभ्यासात (१९६७) प्रत्यक्ष वस्त्र आणि ‘लिखित वस्त्र’ असा भेद केला. नियतकालिकांतील वर्णनांतून वस्त्र चिन्ह कसे बनते, हा त्यांच्या विवेचनाचा विषय होता. वेष ही चिन्हव्यवस्था आहे, हे त्यांचे गृहीत प्रस्तुत विचारालाही उपयोगी पडते. परंतु ते जसेच्या तसे उचलता येत नाही. बार्थ ज्या व्यवस्थेविषयी बोलतात ती हंगामागणिक बदलते, आणि निदान निवडीचा आभास तरी निर्माण करते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोकणातील ब्राह्मण विधवेच्या वाट्याला आलेली वेषसंहिता यांपैकी काहीच करीत नव्हती. केशवपन, लाल आलवण, डोक्यावरून घट्ट घेतलेला पदर, मोकळे कपाळ, रिकामे हात आणि रिकामा गळा या चिन्हांचा अर्थ एकच होता आणि तो मरेपर्यंत बदलणारा नव्हता. शिवाय ही संहिता केवळ काढून घेण्याची नव्हती. सौंदर्याची प्रत्येक खूण नाहीशी करून तिच्या जागी त्या नाहीशा होण्याचीच खूण उमटवणारी ती होती. विधवा साधी दिसावी एवढ्यावर समाजाचे समाधान नव्हते; तिला साधेपणा लादलेला आहे, हे दुरून ओळखू यावे, असा तिचा रोख होता.

अशा संहितेचे बळ तिच्या वाचकांत असते. देवरुखसारख्या गावात प्रत्येक जण हा वेष अचूक वाचू शकत असे. वाचन अचूक असल्यामुळेच वेष बदलणे हे बंड ठरे. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात धोंडो केशव कर्वे यांच्याशी गोदूबाईंचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या, तेव्हा कर्व्यांच्या मुरूड गावाने या जोडप्यावर बहिष्कार घातला. बहिष्कार विवाहावर होता हे खरे. पण विवाह गावाला दिसला तो कुंकवातून. एकदा पुसलेली खूण पुन्हा उमटणे ही गोष्ट त्या चिन्हव्यवस्थेच्या व्याकरणातच बसत नव्हती. नवे नाव आणि नवे कपाळ हे एकाच घटनेचे दोन उच्चार होते. बायांच्या पुस्तकाचे महत्त्व या दृष्टीने पाहिले पाहिजे. ते सुधारणेच्या इतिहासाचे परिशिष्ट तर आहेच. पण जी खूण मिळणे शास्त्राने अशक्य मानले होते, ती घेऊन पुढे पन्नास वर्षे संसार केलेल्या स्त्रीचे ते निवेदन आहे. सून कावेरी कर्वे यांच्या साहाय्याने ते शब्दबद्ध झाले, ही गोष्टही लक्षणीय आहे : या कुटुंबात सासूची कथा सुनेच्या हातून लिहिली गेली.

३

धाकट्या बहिणीची वाट निराळी. विसाव्या वर्षाच्या सुमारास वैधव्य आलेल्या पार्वतीबाईंनी पुनर्विवाह केला नाही. हिंगण्याच्या अनाथ बालिकाश्रमासाठी निधी जमवीत त्या देशभर हिंडल्या. सुमारे वीस वर्षे त्यांनी विधवेचा वेष सांभाळला आणि १९१२ च्या सुमारास केशवपन सोडले. म्हणजे त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा बराच भाग ज्या वेषात गेला, तो वेष ज्या रूढीचा होता तिच्याच बळींसाठी त्या मदत मागत होत्या. या विसंगतीला दांभिकपणा म्हणणे सोपे आहे. परंतु त्याने संहितेचे स्पष्टीकरण होत नाही. सनातनी घराचा उंबरठा ओलांडायचा तर सनातनी घराला वाचता येईल असाच वेष हवा. सोवळ्या विधवेच्या तोंडून स्त्रीशिक्षणाची गोष्ट ऐकणाऱ्याला ती स्त्री स्वैर झाल्याचा आक्षेप घेता येत नसे. येथे वेष हा पार्वतीबाईंवरचा अन्याय होता आणि त्यांचा परवानाही होता. ‘माझी कहाणी’तील संयत, काहीसे उपदेशपर निवेदन या दुहेरीपणातूनच आले आहे. त्या निवेदनाला धिटाईचा अभाव म्हणून कमी लेखणाऱ्या समीक्षेने हे विसरू नये, की केस वाढवण्याचा निर्णय त्यांनी चाळिशी ओलांडल्यावर, परवान्याची गरज तशीच असताना घेतला.

१९१८ साली त्या इंग्रजी शिकण्याच्या आणि संस्थेसाठी साहाय्य मिळवण्याच्या हेतूने अमेरिकेस गेल्या आणि १९२० साली परतल्या. इंग्रजी फारसे येत नसताना लोकांच्या घरी घरकाम करून त्यांनी तेथे निर्वाह केला. प्रवासलेखन म्हणून या भागाचे वेगळेपण असे, की येथे वेषाचा वाचकच बदलतो. देवरुखात किंवा पुण्यात ज्या कपाळावरून संपूर्ण चरित्र वाचले जाई, ते कपाळ अमेरिकेत कोणाला वाचता येण्याजोगे नव्हते. कुंकू नसणे ही तेथे खूणच नव्हे. कारण कुंकू असणे ही खूण नव्हती. लुगडे नेसलेली स्त्री तेथे विधवा किंवा सवाशीण नसते, हिंदुस्थानातून आलेली असते. प्रवासाने पार्वतीबाईंना मुक्त केले असे म्हणणे भाबडे होईल; मोलकरणीचे काम ही मुक्ती नव्हे. परंतु जो अर्थ अटळ म्हणून शिकवला गेला होता, तो काही मैलांच्या वर्तुळापुरताच खरा आहे, हे अशा प्रवासाने सिद्ध होते.

याच संदर्भात आधीचे एक चित्र आठवणे उपयुक्त ठरेल. १८८५ च्या ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबुली यांचे एकत्र छायाचित्र घेतले गेले. तिघीही आपापल्या देशाच्या वेषात आहेत. तेथे साडी राष्ट्राचे प्रतीक आहे. मात्र त्याच आनंदीबाईंनी थंडीपासून पाय झाकले जावेत म्हणून नऊवारी सोडून गुजराती धर्तीने साडी नेसण्याचे ठरवले, तेव्हा तो नवऱ्याच्या संमतीचा प्रश्न झाला, असे त्यांच्या चरित्रातून दिसते. छायाचित्र परक्यांनी वाचायचे होते, नेसणे घरच्यांनी. प्रवासी स्त्रीचा वेष अशा दोन वाचकांच्या मध्ये उभा असतो. पार्वतीबाईंच्या बाबतीत घरचा वाचक म्हणजे संपूर्ण महाराष्ट्र होता, आणि पुस्तक लिहिताना त्याच्याकडेच परत यायचे होते.

त्यांच्या ग्रंथाचे नावही या अंगाने विचारात घेण्याजोगे आहे. ‘कहाणी’ हा स्त्रियांनी स्त्रियांना सांगायचा व्रताचा प्रकार. त्याच्या शेवटी सारे सुफळ संपूर्ण होते आणि त्या फळाचे नाव बहुधा सौभाग्य असते. जिला ते फळ नाकारले गेले, तिने आपल्या आयुष्याला कहाणी म्हणावे, यात एक शांत उपरोध आहे. जस्टिन ॲबट यांनी १९३० साली केलेल्या इंग्रजी भाषांतराच्या उपशीर्षकात ‘हिंदू विधवेचे आत्मचरित्र’ अशी ओळख आली. परक्या वाचकाला वेष वाचता येत नव्हता, तो शीर्षकाने वाचून दाखवला. जी खूण समुद्रापलीकडे गळून पडली होती, ती भाषांतराने पुन्हा कपाळी लावली.

४

इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांच्याकडे येताना चित्र उलटे होते. ब्रह्मदेशात जन्मलेल्या, बर्लिनमध्ये मानवशास्त्राची पदवी घेतलेल्या, पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्या या स्त्रीने पती हयात असताना कुंकू आणि मंगळसूत्र वापरले नाही, हे सर्वविदित आहे. मोकळे कपाळ तिघींच्याही आयुष्यात आहे. पार्वतीबाईंना ते सोसावे लागले, बायांनी ते भरून काढले, इरावतीबाईंनी ते निवडले. चिन्ह एकच, पण निवडीचा अधिकार मध्ये येताच त्याचे मूल्य पालटते. ज्याला आज ‘व्यक्तिगत शैली’ म्हटले जाते तिची खरी व्याख्या वस्त्रांच्या संग्रहात नसून या अधिकारात आहे.

मात्र हा निष्कर्ष दोन बाजूंनी मर्यादित करायला हवा. पहिली मर्यादा सामाजिक. रँग्लर परांजप्यांच्या घरात वाढलेल्या आणि महर्षी कर्व्यांच्या घरात आलेल्या स्त्रीला हे धाडस परवडत होते. ते परवडण्याची किंमत आधीच्या पिढीने मुरूडच्या बहिष्काराच्या रूपाने चुकवली होती. दुसरी मर्यादा वाङ्मयीन आणि अधिक महत्त्वाची. इरावतीबाईंच्या ललितगद्यात पाहण्याची क्रिया प्रबळ आहे. माणसांच्या शरीरांची मोजमापे घेत देशभर हिंडणे हा त्यांच्या व्यवसायाचा भाग होता, आणि ती नजर लेखनातही उतरली आहे. ‘वाटचाल’ या लेखात पंढरीच्या वाटेवरील दिंडी, तिच्यातील पंक्तींचे जातवार भेद, बायकांचे चालणे, बोलणे, रांधणे हे सारे येते. लेखिका दिंडीत असून दिंडीची निरीक्षकही राहते. तिचे स्वतःचे दिसणे या लेखनाच्या केंद्रात सहसा येत नाही. दुसऱ्यांना पाहण्याचा अधिकार मिळवलेल्या स्त्रीने स्वतःला पाहिले जाण्यातून सोडवून घेतले, असा याचा एक अर्थ. काणेकर-पुलंच्या परंपरेतील अदृश्य प्रवाशाची जागा तिने घेतली, असा दुसरा. दोन्ही अर्थ खरे आहेत आणि त्यांच्यात ताण आहे.

हा ताण ‘परिपूर्ती’ या शीर्षकलेखात उघड होतो. सभेत लेखिकेची ओळख कोणाची सून, कोणाची पत्नी अशा नात्यांनी करून दिली जाते आणि ती तिला अपुरी वाटते. पुढे रस्त्यात एक मुलगा आपल्या सोबत्याला ही वर्गातल्या कर्व्यांची आई असल्याचे सांगतो आणि परिचय पुरा होतो. या लेखाचा शेवट मातृत्वाचा गौरव म्हणून वाचला गेला आहे आणि स्त्रीवादी वाचकांना तो अडचणीचाही वाटला आहे. वेषाच्या अंगाने पाहता त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सौभाग्याच्या सर्व खुणा नाकारलेल्या स्त्रीला रस्त्यावरचे मूल ओळखते, आणि ती ओळख कोणत्याही खुणेवर अवलंबून नसते. तरीही ती नात्याचीच ओळख असते. कपाळावरून नाते पुसता येते. रस्त्यावरच्या नजरेतून पुसता येत नाही. लेखिकेचे हसू या जाणिवेतून आले आहे, आणि म्हणून ते निव्वळ समाधानाचे नाही. कहाणी, पुराण आणि परिपूर्ती ही तिन्ही नावे धार्मिक वाङ्मयाच्या परिसरातली आहेत. तिसरीत तो परिसर थट्टेने वापरला आहे, पण सोडलेला नाही.

५

या विचारावर एक आक्षेप संभवतो. येथे निवडलेले ग्रंथ त्याग, सेवा आणि ज्ञान यांचे आहेत. नटण्याचा आनंद त्यांत नाही. मग सौंदर्याचा प्रश्न त्यांच्या आधारे कसा मांडता येईल? आक्षेप रास्त आहे, पण तो उलटवूनही वाचता येतो. ज्या परंपरेत स्त्रीला गांभीर्याने ऐकले जाण्यासाठी आधी हौस सोडावी लागली, त्या परंपरेतील गंभीर गद्यात हौस सापडणार नाही, हे उघड आहे. तिचे नसणे हा वैयक्तिक रुचीचा पुरावा नव्हे. लिहिण्याच्या परवान्याची ती अट होती. पुढील पिढीत इरावतीबाईंच्याच कन्या गौरी देशपांडे यांच्या ‘तेरुओ आणि काही दूरपर्यंत’ (१९८५) सारख्या लेखनात परदेशी असणारी, देखणेपणाविषयी संकोचाशिवाय बोलणारी नायिका येते, तेव्हा ही अट प्रथमच ठळकपणे मोडलेली दिसते. त्या लेखनावर झालेल्या ‘उच्चभ्रूपणा’च्या आरोपात वर्गीय टीकेचा अंश खरा आहे, पण ‘नटवी’ या जुन्या शब्दाचे पडसाद त्यात किती, हेही तपासले पाहिजे.

तेव्हा स्त्रीच्या वेषभूषेचे आणि प्रवासाचे लेखन वाचताना समीक्षेने विचारायचा प्रश्न वर्णन किती रम्य वा किती वरवरचे, हा नाही. हा वेष कोणी ठरवला, तो कोणासाठी लिहिला गेला आणि वाट बदलल्यावर त्याचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाकडे गेला, हे प्रश्न विचारावे लागतील. देवरुखच्या दोघी बहिणींच्या कपाळांनी हे प्रश्न मराठी गद्यासमोर शंभर वर्षांपूर्वी ठेवले होते. त्यांना सामाजिक इतिहासाच्या तळटीपेत ठेवल्याने इतिहासाची फारशी हानी झाली नाही, समीक्षेची झाली.