वृक्षसंरक्षण कायद्यातील संख्येचा निकष : एक चिकित्सा

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ या कायद्याने शहरांतील वृक्षतोडीवर पूर्वपरवानगीचे बंधन घातले आणि त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची तरतूद केली. या कायद्यातील पळवाटांची चर्चा बहुधा दंडाच्या रकमेभोवती फिरते. मूळ प्रश्न मात्र मोजणीच्या पद्धतीचा आहे.

२०१७ च्या दुरुस्तीने २५ पर्यंत झाडांच्या तोडीस परवानगी देण्याचा अधिकार महापालिका आयुक्तांकडे सोपविण्यात आला. परिणामी, एकाच कामाचे लहान प्रस्ताव करून प्राधिकरणातील चर्चा टाळण्यास वाव मिळाला. २०२१ च्या दुरुस्तीने २०० वा अधिक झाडांचे प्रस्ताव राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे नेले. मर्यादा बदलली, तरी प्रस्तावाचे तुकडे पाडण्याचा मोह कायम राहिला. कारण कायदा प्रस्ताव मोजतो, परिसर मोजत नाही.

मुंबईतील आरे वसाहतीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. मेट्रो कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये तेथे दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी ८४ झाडांसाठी अर्ज करण्याची मुभा दिली. परवानगी मात्र १७७ झाडांपर्यंत पोहोचली. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने मेट्रो महामंडळास १० लाख रुपये भरण्याचा आदेश दिला. तथापि प्रकल्प रखडू नये म्हणून १७७ झाडांबाबतची परवानगी कायम ठेवली. आकडा टप्प्याटप्प्याने वाढला आणि दंडाने झाडे वाचली नाहीत.

वयाचा निकषही असाच निसरडा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांवरील झाड वारसा वृक्ष ठरते आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. लागवडीची नोंद नसल्यास वय अंदाजानेच ठरते. पर्जन्यवृक्ष झपाट्याने वाढतो, चिंच सावकाश. केवळ बुंध्याच्या घेरावरून दोघांचे वय सारखे मानता येत नाही. ५२ चे ४८ झाले, की संरक्षणाची श्रेणीच बदलते.

म्हणून एकाच प्रकल्पासाठी तोडलेल्या सर्व झाडांची एकत्रित गणना, प्रजातीनिहाय वयनिश्चिती आणि अर्जदाराशी संबंध नसलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाचा अभिप्राय बंधनकारक करणे आवश्यक ठरते. महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्र विभाग या कामी साहाय्य करू शकतात. मोजणी प्रामाणिक झाली, तरच कायद्याचे संरक्षण झाडाच्या मुळापर्यंत पोहोचेल.