एका नकारवाक्याची चिकित्सा

अपंगत्वविषयक भाषेची जी चर्चा गेल्या दशकात मराठीत झाली, ती मुख्यत्वे नामांची होती. ‘अपंग’, ‘विकलांग’ आणि डिसेंबर 2015 मध्ये पंतप्रधानांनी सुचविल्यानंतर शासनव्यवहारात रूढ झालेला ‘दिव्यांग’ यांपैकी कोणता शब्द ग्राह्य, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली. माणसाला दारात अडविण्याचे काम मात्र क्रियापद करीत असते आणि त्याची दखल क्वचितच घेतली गेली.

फेब्रुवारी 2022 मध्ये गुरुग्राम येथील एका बार-उपाहारगृहात सोबत्यांसह गेलेल्या, चाकाची खुर्ची वापरणाऱ्या तरुणीला प्रवेश नाकारण्यात आला. तिने समाजमाध्यमावर दिलेल्या वृत्तान्तानुसार कर्मचाऱ्याचे उत्तर होते : ‘व्हीलचेअर अंदर नहीं जाएगी.’ या वाक्यात कर्ता खुर्ची आहे. तीवर बसलेली व्यक्ती वाक्यात नाही आणि नाकारणाराही नाही. शिवाय हा भविष्यकाळ मराठीतील ‘जाणार नाही’प्रमाणेच द्व्यर्थी आहे. ‘कपाट या दारातून जाणार नाही’ यात मापाची अडचण सांगितलेली असते. ‘गाडी पुढे जाणार नाही’ असे पोलीस म्हणतो तेव्हा ती मनाई असते. सोबत्यांनी पहिला अर्थ घेतला व आम्ही सांभाळून घेऊ असे कळविले. त्यावर दुसरे वाक्य आले : आतील ग्राहक ‘डिस्टर्ब’ होतील. अर्थनिश्चिती झाली. येथेही क्रिया अकर्मकच. कोण कोणास कशाने त्रास देणार, हे अनुक्तच राहते.

मापाची अडचण सर्वत्र खोटी असते असे नव्हे. 1:12 या प्रमाणाने 30 सेंटिमीटरच्या दोन पायऱ्यांसाठी 3.6 मीटर लांबीचा उतार लागतो व दाटीच्या रस्त्यावरील बारला तेवढी जागा सहसा सापडत नाही. परंतु ‘आत’ या शब्दाचा अर्थही उंबरठ्यापाशी संपत नाही. सुमारे 42 इंच उंचीच्या काउंटरपाशी बसलेल्या माणसाला पलीकडचा मनुष्य जेमतेम दिसतो. अमेरिकेच्या 2010 च्या मानकांत सुगम आसनांपुढील पृष्ठभागाची उंची 28 ते 34 इंच ठरविली आहे, ती उगाच नव्हे. स्वच्छतागृह जिन्याखाली तळघरात असेल तर काउंटर कितीही सखल असून उपयोग नाही!

दिव्यांगजनांच्या हक्कांविषयीच्या 2016 च्या अधिनियमाने ‘सार्वजनिक इमारत’ या संज्ञेत विरंगुळा व मनोरंजन यांसाठी लोक वापरतात त्या खासगी इमारतीही घेतल्या. अधिनियमाची भाषा आज्ञेची आहे. 2017 च्या नियमांपैकी पंधराव्याने मात्र ज्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखविले, ती शिफारशीच्या स्वरूपाची होती. राजीव रतुरी प्रकरणात 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियम 15(1) अधिनियमाशी विसंगत ठरविला व बंधनकारक नियम करण्यास सांगितले. ‘असावे’ आणि ‘असलेच पाहिजे’ यांतील भेद अशा रीतीने न्यायालयाला करावा लागला. गुरुग्रामच्या दारातील वाक्य उच्चारले गेले, तेव्हा अंमल ‘असावे’चा होता.