ज्योत जपणारा हात

आपल्या उपनगरांत, अंधेरी-बोरिवलीकडे असो वा घाटकोपर-मुलुंडकडे, दिवाणखान्याच्या भिंतीवर एका चित्राची छापील प्रत पुष्कळदा दृष्टीस पडते. साडी नेसलेली तरुणी एका हाती दिवा घेऊन उभी आहे. दुसरा हात तिने ज्योतीआड धरला आहे. चित्रकार कोण, असे विचारल्यास बहुधा एकच उत्तर मिळते: राजा रविवर्मा!

हे उत्तर चुकीचे आहे. रविवर्मा १९०६ साली निवर्तले; ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र १९४५-४६ मधील. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात असलेली ही कृती सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२-१९६८) यांची. सावंतवाडीत जन्मलेले आणि जे. जे. कलाशाळेत शिकलेले हळदणकर मुंबईतील नामांकित कलाशिक्षक होते. चित्रासाठी त्यांची कन्याच उभी राहिली होती. शिवाय रविवर्म्यांची कीर्ती तैलरंगांची. हे चित्र जलरंगातील आहे.

माध्यमाचा हा भेद केवळ तांत्रिक नव्हे. तैलरंगात प्रकाश वरून चढविता येतो, चूक झाकता येते. पारदर्शक जलरंगात उजेड येतो तो मुळातल्या कागदातून. तो उजळ भाग चित्रकाराला आरंभापासून राखावा लागतो. एकदा मळला की पूर्ववत होणे कठीण. चित्रातील स्त्री ज्योतीला जपते, तसाच हळदणकरांचा कुंचला कागदाला जपतो. बोटांतून पाझरणारा तांबूस उजेड, मुखावरील उजाळा आणि मागे भिंतीवर पडलेली सावली यांचे बळ या संयमात आहे.

आशेला एकाकी स्त्रीचे रूप देण्याची प्रथा पाश्चात्त्य कलेत जुनी आहे. इंग्रज चित्रकार बर्न-जोन्स यांनी १८७१ साली जलरंगातच अशी ‘आशा’ रंगविली. श्रद्धा, आशा व प्रीती या सद्गुणांपैकी आशेची खूण म्हणजे जहाजाचा नांगर. इब्री लोकांस पाठविलेल्या पत्रातील सहाव्या अध्यायात ही उपमा आहे. हळदणकरांच्या चित्रात असे ठरीव चिन्ह नाही. शीर्षक काढून घेतले तर उरते दिवेलागणीला घरात वावरणारी एक मुलगी.

काहींना हा उणेपणा वाटेल. चित्र गोड आहे, रूपक वरून चिकटविले आहे, असा आक्षेप घेता येईल. चेहऱ्यापुरता तो मलाही मान्य आहे. त्यावर संघर्षाची रेषा नाही. परंतु हाताकडे पाहावे. वारा दिसत नाही, तरी तो आहे हे त्या हातावरून कळते. नांगरावर भार टाकून स्वस्थ राहता येते. ज्योत मात्र क्षणोक्षणी जपावी लागते. आशेचा हा अर्थ येथे चिन्हाने नव्हे, तर रोजच्या एका कृतीने सांगितला आहे.

म्हणून नावाची चूक क्षुल्लक नाही. चित्र घराघरांत पोहोचले आणि चित्रकार मात्र दाराबाहेर राहिला. ज्यांच्या भिंतीवर ही प्रत आहे, त्यांनी तिच्या तळाशी एवढे तरी लिहावे: चित्रकार, सावळाराम लक्ष्मण हळदणकर.