टिळकांची तीस दिवसांची पहाट

दर वर्षी संक्रांतीच्या आठवड्यात मला व्हॉट्सॲपवर एक निरोप येतो. पाठवणारे बदलतात, मजकूर तोच असतो: आपले पूर्वज उत्तर ध्रुवावर राहत होते हे लोकमान्यांनी शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध केलं आहे. यंदा माझ्या मामाने त्याखाली स्वतःची ओळ जोडली, "म्हणजे तू परदेशी गेलीच नाहीस, आजोळी गेलीस."

मी उत्तर नॉर्वेत, ट्रॉम्सोला राहते. अक्षांश जवळजवळ ७० उत्तर. मामाची ओळ वाचून मला बरं वाटलं, हे आधीच कबूल करते. दोन-दोन वर्षांच्या करारावर काम करायचं, दर वेळी परवान्याचे कागद नव्याने जमवायचे, भाड्याच्या घरात फार सामान घ्यायचं नाही. अशा माणसाला कुणी 'हे तुझंच घर' म्हणालं तर कुठेतरी लागतंच. तुमच्यापैकी पुष्कळांना हे सांगायची गरज नाही. पण बरं वाटलं म्हणूनच थोडी शंका आली, आणि हिवाळ्याच्या सुट्टीत मी ते पुस्तक मुळातून वाचायला घेतलं.

'द आर्क्टिक होम इन द वेदाज' १९०३ साली निघालं. नाव सगळ्यांनी ऐकलेलं, वाचलेले थोडे. टिळक मूळचे गणिताचे. त्याआधी दहा वर्षं, १८९३ मध्ये, 'ओरायन'मध्ये त्यांनी वेदांचा काळ आकाशावरून काढायचा प्रयत्न केला होता. भोवरा डुलतो तसा पृथ्वीचा आस डुलत असतो, फार संथ. एका फेरीला सुमारे २५,८०० वर्षं लागतात. त्यामुळे वसंतसंपात नक्षत्रांतून मागे सरकतो, एका अंशाला साधारण ७२ वर्षं. संपात मृगात असतानाच्या आठवणी वेदात आहेत, म्हणून तो काळ इसवी सनापूर्वी चार हजारांच्या आसपासचा, असा तो युक्तिवाद. जर्मनीत हर्मान याकोबी त्याच वर्षी स्वतंत्रपणे तसाच निष्कर्ष काढत होते. पुढे १८९७-९८ च्या तुरुंगवासात मॅक्स म्युल्लरने पाठवलेला ऋग्वेद टिळकांच्या हाती होता. वॉरन नावाच्या अमेरिकन विद्वानाने १८८५ मध्ये माणसाचं पहिलं घर ध्रुवावर होतं असं मांडलं होतंच. टिळकांनी तो धागा घेतला आणि वेदांत त्याचा पुरावा शोधला.

तुम्ही हे पुस्तक उघडलंत तर तिसऱ्या प्रकरणापासून सुरुवात करा. पृथ्वी कललेली आहे एवढ्या एका गोष्टीतून ध्रुवावर काय काय दिसेल, हे टिळकांनी त्यात ओळीने मांडलं आहे. तारे उगवत नाहीत, मावळत नाहीत, डोक्याभोवती आडवे फिरतात. सूर्य वर्षातून एकदा वर येतो, एकदा खाली जातो. पहाट एकच, पण ती कित्येक दिवस चालते आणि तिचा उजेड क्षितिजावरून कुंभाराच्या चाकासारखा फिरत राहतो. ध्रुवापासून जरा खाली आलं की चित्र बदलतं: वर्षाचे तीन भाग पडतात, एक लांब रात्र, एक लांब दिवस, आणि मधल्या काळात नेहमीसारखी चोवीस तासांची दिवसरात्र. मी इथे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिकं घेते. ध्रुवाची सहा महिन्यांची रात्र आणि आमची सात आठवड्यांची रात्र यांची गल्लत करणारी मुलं दर वर्षी भेटतात, आणि ती इथेच वाढलेली असतात. टिळक आयुष्यात कधी इथे आले नाहीत. साडेअठरा अंशांवर, पुण्यात बसून त्यांनी हे लिहिलं आणि कुठे घसरले नाहीत.

पहाटेचं उदाहरण घ्या. तैत्तिरीय संहितेत तीस उषांचा, तीस बहिणींचा उल्लेख आहे. ही तीस दिवसांची एकच पहाट, असं टिळक म्हणतात. मी हिशोब करून पाहिला. ध्रुवावर सूर्य क्षितिजाच्या किती खाली आहे हे काढणं सोपं असतं. तो विषुववृत्ताच्या जितका दक्षिणेला, तितकाच खाली. १७ फेब्रुवारीच्या सुमाराला तो १२ अंश दक्षिणेला असतो, २० मार्चला शून्यावर येतो. मधले दिवस ३१. आणि १२ अंश हा काही मी ओढूनताणून घेतलेला आकडा नाही. समुद्रावर क्षितिजाची रेघ दिसू लागते ती याच सुमाराला, खलाशी हाच आकडा वापरतात. सहा अंश धरले तर पहाट १५ दिवसांची होते, अठरा धरले तर ५१ दिवसांची. तीस अगदी मधे बसतो. रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरात हे गणित सुटलं तेव्हा मी खरंच उठून फेरी मारली.

इथपर्यंत मी टिळकांच्या बाजूची.

अडचण पुढे येते. आठव्या प्रकरणात 'गवामयन' या यज्ञसत्राची चर्चा आहे. गायींनी हे सत्र दहा महिन्यांत पुरं केलं, काहींनी बारा महिन्यांत, असं जुने ग्रंथ सांगतात. दशग्व नावाचे ऋषी दहा महिने यज्ञ करत. टिळकांचा अर्थ असा की सूर्य दहाच महिने असे, उरलेले दोन महिने रात्र. दोन महिन्यांची रात्र म्हणजे साधारण माझा अक्षांश, किंवा थोडं वर. आता याच्या शेजारी ती फिरती पहाट ठेवून बघा.

उजेड चोवीस तास क्षितिजाभोवती फिरत राहायला हवा असेल, तर मध्यरात्रीसुद्धा सूर्य १८ अंशांहून खोल जाता कामा नये; त्याच्या खाली उजेडाचा मागमूस उरत नाही. लांब रात्रीनंतर सूर्य पहिल्यांदा दुपारी क्षितिजाला टेकतो, त्या दिवशी मध्यरात्री तो किती खोल असतो? तुम्ही ध्रुवापासून जितके अंश दूर, त्याच्या दुप्पट. ट्रॉम्सो वीस अंश दूर, म्हणून मध्यरात्री सूर्य चाळीस अंश खाली, आकाश काळंकुट्ट. दुप्पट करून अठराच्या आत राहायचं तर ध्रुवापासून नऊ अंशांच्या आत, म्हणजे ८१ च्या वर जायला हवं. तिथे जमीन थोडी, आणि सूर्य ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत गायब असतो. चार महिन्यांहून जास्त. ज्या गावात पहाट फिरते त्या गावात दोन महिन्यांची रात्र नसते, आणि जिथे दोन महिन्यांची रात्र आहे तिथे पहाट फिरत नाही. आमच्याकडे ती दक्षिणेला उजळते आणि दोन-तीन तासांत तिथेच विझते.

शिवाय आमची रात्र म्हणजे अखंड काळोखही नव्हे. २१ डिसेंबरच्या दुपारी बारा वाजता ट्रॉम्सोत सूर्य क्षितिजाच्या जेमतेम तीन अंश खाली असतो. बर्फावर निळा उजेड पसरतो, बाहेर उभं राहून वर्तमानपत्र वाचता येतं. हा काळोख संपणार की नाही, पैलतीर दिसणार की नाही, अशी जी भीती टिळक ऋचांमध्ये वाचतात, ती या निळ्या दुपारींशी जुळवणं मला तरी जमलं नाही.

टिळकांना ही विसंगती दिसली नव्हती असं नाही. पूर्वज एका जागी नव्हते, वेगवेगळ्या अक्षांशांवर पसरलेले होते, म्हणून उजेडाचे महिने परंपरेत कमीजास्त सापडतात, हे त्यांचं उत्तर. माझा खरा आक्षेप या उत्तराला आहे. नऊ महिने सापडले तर एक अक्षांश, दहा सापडले तर दुसरा. बारा सापडले तर ती दक्षिणेत आल्यानंतरची सुधारणा. कुठलाही आकडा आला तरी चूक ठरायची सोयच नाही. इतक्या काटेकोर माणसाने स्वतःच्या सिद्धान्ताला अशी पळवाट ठेवावी याचं वाईट वाटतं. तिसऱ्या प्रकरणातला गणिती आठव्यात वकील होतो.

आणि चंद्र? ध्रुवाची आणि ध्रुवप्रदेशाची लक्षणं टिळकांनी क्रमवार दिली आहेत; त्या यादीत चंद्र नाही. हिवाळ्यातली पौर्णिमा सूर्याच्या नेमक्या समोर असते. सूर्य दक्षिणेला खोल गेलेला, म्हणून पूर्णचंद्र उत्तरेला उंच. इथे बहुतेक वर्षी डिसेंबरातला पूर्णचंद्र काही दिवस मावळतच नाही, आकाशात गोल फिरत राहतो. त्याच महिन्यातली अमावास्येची कोर उगवतही नाही. उन्हाळ्यात सगळं उलटं. मी पहिल्या हिवाळ्यात घरी आईला फोनवर जे सांगितलं ते हेच होतं, न मावळणाऱ्या चंद्राबद्दल. सूर्याचं तर सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. ज्यांचे महिनेच चांद्र, दर्श आणि पौर्णिमेचे याग ज्यांच्या धर्माचा कणा, ते लोक तिथून आले असते तर ही गोष्ट विसरले असते?

समुद्रातले जीव विसरलेले नाहीत. एरवी सूक्ष्म प्राणी रात्री वर येतात, दिवसा खोल जातात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आर्क्टिकभर समुद्रात ठेवलेल्या ध्वनियंत्रांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ध्रुवीय रात्रीत त्यांचं वेळापत्रक २४ तासांवरून २४.८ तासांवर, म्हणजे चांद्रदिवसावर सरकतं, आणि पौर्णिमेच्या आसपास ते सुमारे पन्नास मीटर खोल जातात. वर चंद्रप्रकाशात त्यांना खाणारे जागे असतात. माझं काम याच प्राण्यांच्या जवळपासचं आहे, त्यामुळे इथे माझा कल जरा एकतर्फी असेल, तुम्ही तेवढं वजा करा.

हिमयुगाचा मुद्दा थोडक्यात. शेवटचं हिमयुग इसवी सनापूर्वी आठ-दहा हजारांच्या सुमारास संपलं, हा टिळकांनी निवडलेला आकडा आजच्या आकड्याच्या बराच जवळ आहे. पण त्याआधी इथे सुखाचा वसंत होता हे खरं नाही. त्याआधी हजारो वर्षं स्कँडिनेव्हिया बर्फाच्या जाड थराखाली होता. मागचा उबदार काळ सव्वा लाख वर्षांपूर्वीचा. त्याच्या आठवणी ऋचांमध्ये टिकायला फार म्हणजे फारच लांबचा प्रवास आहे. हा दोष मी टिळकांच्या माथी मारत नाही. ही मोजमापं त्यांच्या काळी नव्हती. दोष आपला, की आपण १९०३ चं भूशास्त्र २१ व्या शतकात 'सिद्ध झालंय' म्हणून पुढे पाठवतो.

पुस्तक मिटल्यावर मला ज्याची उणीव सर्वांत जास्त जाणवली, ती गणितातली नव्हती. टिळकांच्या आर्क्टिकमध्ये आकाश आहे, देव आहेत, पूर्वज आहेत. पण तिथे कुणी काही खात नाही. जानेवारीत बॅरेंट्स समुद्रातून लोफोटेनकडे अंडी घालायला येणारा कॉड मासा नाही, रेनडिअर नाही. आणि ज्यांचं हे घर आहे ते सामी लोक नाहीत. त्यांच्या वर्षात चार नव्हे, आठ ऋतू आहेत, रेनडिअरच्या चालण्यावरून आणि विण्यावरून ठरलेले. गंमत अशी की ट्रॉम्सोच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं, की रेनडिअर लांब रात्रीत आणि लांब दिवसात चोवीस तासांचा ताल जवळजवळ सोडूनच देतात. भूक लागली की चरतात, थकले की रवंथ करतात. सूर्य उगवत-मावळत नसेल तर दिवसाचा हिशोब कशाला ठेवायचा? या जनावरांच्या मागे चालणाऱ्या लोकांना मात्र पिढ्यानपिढ्या शाळेत स्वतःची भाषा बोलू दिली गेली नाही. माझ्या शेजारच्या आजी ती आता, सत्तरीत, शिकताहेत. त्यांच्यासमोर मामाचं वाक्य भाषांतर करून सांगायची माझी हिंमत होणार नाही.

संक्रांतीचं राहिलं. सूर्याचं उत्तरायण सुरू होतं २१-२२ डिसेंबरला. आपली संक्रांत त्याच्या चोवीस दिवस मागे पडली आहे, त्या भोवऱ्याच्या डुलण्यामुळेच. सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही जवळजवळ एकाच दिवशी होती. टिळकांचा आग्रह होता पंचांग आकाशाशी पडताळून सुधारण्याचा, आणि त्यांच्या नावाचं पंचांग मानणारी काही घरं आजही संक्रांत १० जानेवारीला करतात. पण इतरांची, तुमची-माझी, १४-१५ जानेवारीला. आणि ट्रॉम्सोत गणिताने सूर्य परत वर येतो तो १५ जानेवारीला! यात पूर्वजांचा काही हात नाही, दोन आकडे सहज एकमेकांवर आले आहेत. चारेकशे वर्षांनी हा योग पाचसहा दिवसांनी हुकलेला असेल.

प्रत्यक्षात दक्षिणेच्या डोंगरांमुळे शहरातून सूर्य २१ तारखेच्या सुमाराला दिसतो. त्या दिवशी इथे सगळे मुरंबा भरलेले गोल पाव खातात, सोलबोले म्हणतात त्यांना. मी दोन वर्षांपासून तिळाच्या वड्या तोवर थांबवून ठेवते आणि दोन्ही एकदमच ऑफिसला नेते. हे सगळं मी मामाला लांबलचक लिहून पाठवलं, ८१ अंशांच्या गणितासकट. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: "ते ठीक आहे, पण तिकडे गूळ मिळतो का?"

तीळ इथल्या तुर्की दुकानात मिळतात. गूळ ऑस्लोहून मागवावा लागतो.