परतीच्या प्रवासाला बीएमडब्ल्यू

'निवृत्त माणूस आणि त्याची जुनी मोटरसायकल' हा इंग्रजीत लेखनाचा एक प्रकारच होऊन बसला आहे. साचा ठरलेला. विशीत ट्रायम्फ किंवा बीएसए होती, मग लग्न, मुलं, घराचे हप्ते, आणि गाडी विकली. चाळीस वर्षांनी पेन्शन सुरू झाल्यावर तसलीच एक गाडी, बहुतेकदा खोक्यांत भरलेल्या सुट्या भागांच्या रूपात, घरामागच्या शेडमध्ये येते. दोन हिवाळे घासपूस चालते. शेवटच्या परिच्छेदात इंजिन सुरू होतं. मी हे लेखन आवडीने वाचतो. दिवसभर दुसऱ्या कुणी पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेला कोड उघडून बसणाऱ्या माणसाला शेडमधल्या या म्हाताऱ्यांबद्दल आपुलकी वाटणारच. पण एक गोष्ट खटकत राहते. परत जाऊन नेमकं काय परत मिळालं हा प्रश्न इंजिन सुरू झालं की सुटला, असं ही मंडळी धरून चालतात.

तो प्रश्न न सोडणारा लेखक हवा असेल तर टेड सायमनची दोन पुस्तकं लागोपाठ वाचावीत: 'ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स' (१९७९) आणि 'ड्रीमिंग ऑफ ज्युपिटर' (२००७). पहिल्यात बेचाळिशीचा एक पत्रकार ५०० सीसीच्या ट्रायम्फ टायगरवरून चार वर्षं जगभर फिरतो. नावातला ज्युपिटर म्हणजे आपला गुरू ग्रह, आणि ते नाव त्याला भारतातच एका भविष्य सांगणाऱ्याकडून मिळालं. दुसऱ्यात तोच माणूस, २००१ साली, एकोणसत्तराव्या वर्षी तोच मार्ग पुन्हा धरतो. पहिलं पुस्तक मोटरसायकलवाल्यांचं लाडकं आहे. दुसऱ्याबद्दल 'म्हातारा कुरकुरतो' अशी तक्रार होते. मला दुसरं जास्त प्रामाणिक वाटतं.

आधी पहिल्याबद्दल. सायमन लंडनहून निघाला ६ ऑक्टोबर १९७३ रोजी. त्याच्या तीनच आठवडे आधी, १४ सप्टेंबरला, ट्रायम्फचा मेरिडनचा कारखाना बंद करण्याची घोषणा झाली होती आणि कामगारांनी फाटक अडवून धरलं होतं. पुढे १९७५मध्ये सरकारी कर्जावर कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली, आणि १९८३मध्ये तीही बुडाली. म्हणजे सायमन जगभर जी गाडी घेऊन फिरत होता तिचं घर मागे पेटलेलं होतं. शेडमधल्या लेखनात मेरिडन येतं ते टाकीवरच्या बिल्ल्यापुरतं. ती गाडी जोडणारे हात, त्यांचा संप, त्यांची संस्था यांना तिथे जागा नसते. कारखाना पाडून तिथे घरं झाली, आणि त्यांतल्या एका गल्लीला बॉनविल क्लोज असं नाव दिलं. त्या लेखनालाही हे नाव शोभलं असतं.

आता यंत्राबद्दल थोडं, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. त्या काळातल्या ट्रायम्फच्या इंजिनात दोन्ही पिस्टन एकदमच वर जातात आणि एकदमच खाली येतात. त्यामुळे गाडी थरथरते, आणि थरथर नटबोल्ट सैल करते. क्रँककेस उभी चिरलेली असते. तो सांधा तेलाच्या पातळीखालून जातो, म्हणून तेल पाझरतं. १९६९मध्ये होंडाची सीबी ७५० आली ती चार सिलिंडर, बटण स्टार्ट आणि पुढे डिस्क ब्रेक घेऊन. ब्रिटिश कारखान्यांकडे तेव्हा याला उत्तर नव्हतं, आणि जुनी यंत्रसामग्री बदलायला वेळेवर पैसाही घातला गेला नव्हता. आज जिला 'स्वभाव' म्हणून कुरवाळलं जातं, तो बराचसा न केलेल्या गुंतवणुकीचा परिणाम आहे.

तरीही सायमनच्या पुस्तकाला ही गाडी हवीच होती. आफ्रिकेत तिच्या पिस्टनने दगा दिला. गाडी थांबते, म्हणून तो थांबतो, आणि तो थांबतो म्हणून पानावर माणसं येतात. कुणी गॅरेजवाला, कुणी जेवायला घालणारा, कुणी नुसतंच बघत उभा राहणारा. आपल्याकडच्या बुलेटवरून लडाखला जाण्याच्या वर्णनांत हे फार कमी दिसतं. तिथे माणसं पंक्चर काढून देऊन नाहीशी होतात, आणि पुढचा घाट सुरू होतो. सायमन त्यांच्या घरात शिरतो, राहतो, कधी त्यांच्यावर चिडतो.

२००१ हे साल गमतीचं आहे. त्याच साली लंडनचं एस कॅफे, साठच्या दशकातल्या बाइकवाल्या पोरांचा अड्डा, बत्तीस वर्षांनी पुन्हा उघडलं. हिंकलीच्या नव्या कारखान्यातली, जुन्या वळणाची बॉनविलही त्याच सुमारास बाजारात आली. आठवणींना इतकी तेजी असताना सायमनने गाडी निवडली ती बीएमडब्ल्यू. जर्मन, न कुरकुरणारी. त्याची जुनी ट्रायम्फ कोव्हेंट्रीच्या वाहतूक संग्रहालयात उभी आहे. मला हा निर्णय साध्या समजुतीचा वाटतो. त्याला रस्ता आणि माणसं पुन्हा भेटायला हवी होती, आणि त्यासाठी यंत्र पूजेचं असायची गरज नव्हती.

पण त्याची किंमत पुस्तकाला मोजावी लागली. गाडी थांबत नाही, त्यामुळे थांबण्याची कारणं सायमनला स्वतःच शोधावी लागतात. तो जुने पत्ते धुंडाळतो, जुन्या ओळखी शोधतो. वाढलेली गर्दी आणि उजाड झालेले डोंगर बघून हताश होतो. मधली काही प्रकरणं खरोखरच तक्रारवहीसारखी झाली आहेत. मग केनियात त्याचा पाय मोडतो, आणि पुस्तक जागं होतं. पुन्हा अनोळखी माणसांच्या हाती स्वतःला सोपवणं, वाट बघणं. पहिल्या पुस्तकात जे काम पिस्टनने केलं ते इथे हाडाने केलं. हे सायमनने योजलेलं नाही, आणि तो त्याचं भांडवलही करत नाही.

शेडमधल्या लेखनात शरीर जवळजवळ नसतंच. कार्ब्युरेटरचं बटण दाबून बोटाला पेट्रोल लागेपर्यंत थांबायचं, हे वर्णन दर तिसऱ्या लेखात भेटतं. पासष्टीच्या गुडघ्याने ६५० सीसीला किक मारायची म्हणजे काय, हे मात्र क्वचित.

माझे काका पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. निवृत्तीनंतर त्यांनी १९७८ची बुलेट घेतली. ही गाडीही मूळची ब्रिटिशच. रेडिचचा कारखाना बंद पडल्यावरही ती मद्रासला बनत राहिली. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. चाळीस वर्षांनंतरही काकांचे पाय चुकत नाहीत. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी किक मारायची नाही असं बजावलंय. मग ते अ‍ॅमीटरचा काटा मधोमध येईपर्यंत डीकॉम्प्रेशनचा खटका धरून उभे राहतात, आणि खालच्या मजल्यावरचा अकरावीतला मुलगा किक मारतो. "हळू नाही रे, पूर्ण खाली जाऊ दे," असं दर रविवारी ऐकू येतं. नंतर दोघं मिळून टॅपेटचं अंतर बघतात. काकांनी यावर एक ओळही लिहिलेली नाही, आणि लिहिली तर ती बहुधा रंगाच्या छटेबद्दल असेल.

म्हणून शेडमधल्या माणसांवर माझा राग नाही. ते लिहितात त्यापेक्षा जगतात ते बरं असावं असा संशय आहे. बोल्ट सुटत नाही म्हणून फोन केलेला जुना सहकारी, हवा तो व्हिटवर्थ पाना उसना देणारा शेजारी, ही माणसं त्यांच्याही दुपारी असणारच. लेखात मात्र एकटा नायक उरतो, चकचकीत टाकीशेजारी उभा. सायमन चिडका आहे, एकसुरी होतो, जगाच्या ऱ्हासाबद्दल त्याचे निष्कर्ष मला घाईचे वाटतात. पण त्याच्या दोन्ही पुस्तकांत त्याला आधार देणारी माणसं पानावर राहतात. पहिलं पुस्तक हातात आलं तर दुसरंही घ्या, आणि केनियापर्यंत धीर धरा.